चंद्रपूर शहरातील पर्यटन

चंद्रपूर हे महाराष्ट्रातील विदर्भाच्या पूर्व भागात, इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले शहर असून ते चंद्रपूर जिल्ह्याचे मुख्यालय आहे. गोंड राजांची ही राजधानी पूर्वी चांदा या नावाने ओळखली जात असे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला भेट देणारे अनेक पर्यटक शहरात न थांबता पुढे जातात. तथापि परकोटाच्या आतील जुने शहर, तेथील बाजारपेठ आणि खाद्यपदार्थ यांमधून या प्रदेशाचा इतिहास व जंगलाशी असलेले त्याचे नाते समजून घेता येते.

परकोट आणि दरवाजे

गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने बल्लारपूरहून राजधानी येथे हलवून शहराभोवती कोट बांधण्यास आरंभ केला, असे मानले जाते. परकोटाला उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे आहेत. यांशिवाय काही लहान खिडक्याही आहेत. हत्तीवर मात करणारा सिंह हे गोंड राज्याचे चिन्ह दरवाजांवर कोरलेले आढळते. १८१८ साली इंग्रजांनी वेढा घालून हा किल्ला जिंकला.

परकोट हे संरक्षित स्मारक असले, तरी त्याला लागून दाट वस्ती आहे आणि जटपुरा दरवाजातून शहराची नित्याची वाहतूक चालते. त्यामुळे स्मारकाचे जतन आणि शहराच्या गरजा यांचा मेळ घालणे कठीण ठरते. २०१७ मध्ये इको-प्रो या स्थानिक स्वयंसेवी संस्थेने परकोट व बुरुजांवरील झाडेझुडपे आणि कचरा श्रमदानातून काढण्याची मोहीम हाती घेतली.

मंदिरे व समाध्या

अंचलेश्वर दरवाजाजवळ अंचलेश्वर मंदिर असून त्याच्या परिसरात गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांपैकी बीरशाहाची समाधी त्याची पत्नी राणी हिराई हिने बांधली. जवळच असलेल्या महाकाली मंदिरात चैत्र महिन्यात यात्रा भरते. तिला मराठवाडा व तेलंगणातूनही भाविक येतात. लालपेठ भागात अखंड दगडांत घडविलेल्या भव्य मूर्ती उघड्यावर आहेत. हे शिल्पकाम अपुऱ्या राहिलेल्या मंदिरासाठी होते, असे सांगितले जाते.

बाजारपेठ

जटपुरा दरवाजापासून गांधी चौकापर्यंतचा रस्ता आणि गोल बाजार ही खरेदीची प्रमुख ठिकाणे आहेत. बुरूड कारागीर बांबूची सुपे, टोपल्या व परड्या विणतात. उन्हाळ्यात टेंभुर्णे, चारोळी यांसारखा रानमेवा विक्रीस येतो. शहराबाहेर मूल मार्गावरील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

खाद्यपदार्थ

हा भातशेतीचा प्रदेश असल्याने जेवणात भाताला महत्त्व आहे. वडाभात, गोळाभात, पाटवडीचा रस्सा व सांबारवडी हे पदार्थ प्रचलित आहेत. सांबारवडीतील ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. न्याहारीला तर्री-पोहे खाल्ले जातात. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते आणि सात्या नावाच्या रानअळंब्या यांची भाजी केली जाते. तेलंगणाच्या सान्निध्यामुळे इडली-डोसाही सर्वत्र मिळतो.

भेटीचा काळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ शहर पायी पाहण्यास सोयीचा असतो. मे महिन्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेव्हा सकाळी लवकर किंवा सायंकाळी फिरणे योग्य ठरते. चंद्रपूर हे दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरील स्थानक आहे.