इकोस्पोर्टच्या जागी कोणती गाडी? बंद झालेल्या मॉडेलची बदली निवडताना काय तपासायचं

फोनचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले म्हणून फोन त्याच दिवशी बंद पडत नाही. कॉल लागतात, यूपीआय चालतं, फोटो निघतात. पण त्या दिवसापासून फोनचं घड्याळ उलटं सुरू होतं. बंद झालेल्या गाडीचंही तसंच असतं, आणि फोर्ड इकोस्पोर्ट हे त्याचं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण.

आमच्या घरी २०१६ची डिझेल इकोस्पोर्ट आहे. बाबा ती कराडमध्ये चालवतात. दर तीन आठवड्यांनी आईला तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं. त्यामुळे ‘गाडी छान चालतेय ना, मग कशाला बदलायची?’ एवढ्यावर आमच्या घरात विषय संपत नाही. एखाद्या पार्टसाठी गाडी दोन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहिली, तर आईची तारीख चुकते. गेल्या काही महिन्यांत आम्ही जो विचार केला, तो इथे नीट मांडतोय. तुमच्या घरी इकोस्पोर्ट नसेल, दुसरी एखादी बंद झालेली गाडी असेल, तरी पद्धत तीच लागू पडेल.

गाडी ‘बंद झाली’ म्हणजे नक्की काय झालं?

इकोस्पोर्ट भारतात २०१३ साली आली. चार मीटरच्या आतली एसयूव्ही ही कल्पना लोकप्रिय करण्यात तिचा मोठा वाटा आहे. ९ सप्टेंबर २०२१ला फोर्डने भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. गुजरातमधला साणंदचा कारखाना पुढे टाटांच्या कंपनीने घेतला. सर्व्हिस आणि पार्ट्सचा आधार चालू राहील, असं फोर्डने तेव्हाच सांगितलं होतं.

म्हणजे गाडी अनाथ झाली असं नाही. पण सगळे पार्ट्स सारखे नसतात. त्यांचे तीन गट करा:

- झिजणारे पार्ट्स: ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, बेल्ट. असे बरेच पार्ट्स वेगळे पुरवठादार बनवतात. शिवाय इकोस्पोर्टचं १.५ लिटर डिझेल इंजिन फिगो, अस्पायर, फ्रीस्टाइलमध्येही होतं, त्यामुळे मागणी टिकून आहे.
- बॉडीचे पार्ट्स: बंपर, हेडलॅम्प, दरवाजे, मागचं दार. हे त्या एकाच मॉडेलचे असतात. गाडी बनणं थांबलं की यांचा साठा हळूहळू आटतो.
- इलेक्ट्रॉनिक्स: ईसीयू, एअरबॅग मॉड्यूल, सेन्सर, स्क्रीन. पार्ट मिळाला तरी तो गाडीशी प्रोग्राम करून जोडावा लागतो. त्यासाठी योग्य सॉफ्टवेअर आणि ते येणारा माणूस, दोन्ही हवेत.

त्यामुळे किती किलोमीटर झाले यापेक्षा गाडी अडली तर तुमचं किती अडेल, हा प्रश्न मोठा आहे. घरात दुसरी गाडी असेल आणि इकोस्पोर्ट फक्त रविवारी निघत असेल, तर घाई नको. टायमिंग बेल्ट वेळेवर बदला. रबराचा बेल्ट नुसत्या किलोमीटरने नाही, वर्षांनीही म्हातारा होतो. पण घरात एकच गाडी असेल आणि तिच्यावर दवाखाना किंवा नोकरी अवलंबून असेल, तर चालू गाडीच विकायला काढणं शहाणपणाचं. बंद पडलेल्या गाडीला भाव येत नाही.

चार मीटरचा नियम आधी समजून घ्या

भारतातल्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्ही ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास लांब का असतात? कारण कर. लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत असेल, तर ती ‘छोटी गाडी’ धरली जाते. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के.

गंमत म्हणजे दोन्ही अटी पाळाव्या लागतात. मारुती ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं. म्हणून दिसायला छोटी असली तरी ती ४० टक्क्यांत जाते. दोन गाड्यांच्या किमती समोरासमोर ठेवताना हे माहीत असलं, की फरक कुठून आला ते कळतं.

डिझेल की पेट्रोल: भावना बाजूला, हिशोब पुढे

इकोस्पोर्ट डिझेल चालवलेल्या माणसाला डिझेलची सवय लागते. आमच्या गाडीची ताकद १०० पीएस आणि टॉर्क २०५ न्यूटन मीटर. पीएस म्हणजे साधारण किती वेग गाठता येईल, आणि टॉर्क म्हणजे भरलेली गाडी घाटात किती सहज ओढली जाईल. खंबाटकी घाटात पाच माणसं, सामान आणि एसी चालू असताना टॉर्कच कामाला येतो.

पण पैशांचा हिशोब वेगळा करायचा. उदाहरण म्हणून पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरा. पेट्रोल गाडी प्रत्यक्षात १३ आणि डिझेल १८ किलोमीटर देते असं समजा. मग पेट्रोलला किलोमीटरमागे ८ रुपये लागतात, डिझेलला साधारण ५ रुपये ६ पैसे. फरक २ रुपये ९४ पैसे. डिझेल मॉडेल १ लाख ४० हजारांनी महाग असेल, तर तेवढे पैसे वसूल व्हायला सुमारे ४७,६०० किलोमीटर लागतील. महिन्याला २,००० किलोमीटर चालवत असाल तर दोन वर्षं. ५०० किलोमीटर चालवत असाल तर जवळजवळ आठ वर्षं! तुमच्या गावचे दर आणि तुमचे आकडे घालून फोनच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत हे करून बघा.

दुसरी गोष्ट डीपीएफची. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करण्यासाठी काजळी जाळतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. रोज घर ते स्टेशन चार किलोमीटर आणि परत, असा वापर असेल तर फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. जुन्या बीएस-४ डिझेलवरून नव्या डिझेलवर येणाऱ्यांना ही गोष्ट बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. थोडक्यात, हायवे असेल तर डिझेल, नुसतं शहर असेल तर पेट्रोल, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक.

मायलेज आणि स्टार: आकडे कुठून येतात?

जाहिरातीतलं मायलेज रस्त्यावर मोजलेलं नसतं. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करत ते मोजतात. त्या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. तिथे ट्रॅफिक नाही, खड्डे नाहीत. त्यामुळे तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, पेट्रोलचा खर्च काढायला नाही.

सुरक्षेचे स्टार भारत एनकॅपचे बघा. हा कार्यक्रम १ ऑक्टोबर २०२३पासून सुरू झाला. यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून अडथळ्यावर आदळतात आणि बाजूच्या धडकेचीही चाचणी असते. मोठ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी स्टार वेगळे दिले जातात. टाटा नेक्सॉन, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ आणि स्कोडा कायलॅक या तिघींना पाच स्टार आहेत. ‘मजबूत पत्रा’ हा निकष मात्र सोडून द्या. धडकेत पुढचा भाग चेपून जोर शोषून घेतो आणि माणसांचा कप्पा शाबूत राहतो, तेव्हा गाडी सुरक्षित असते.

मग पर्याय कोणते?

- महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ: २०१९च्या एक्सयूव्ही३००चं २०२४मध्ये आलेलं नवं रूप, नाशिकमध्ये बनतं. डिझेल ११७ पीएस, ३०० न्यूटन मीटर. दोन चाकांमधलं अंतर २,६०० मिलिमीटर, त्यामुळे मागे ऐसपैस.
- टाटा नेक्सॉन: पुण्याजवळ रांजणगावला बनते. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक असे चारही पर्याय. डिझेल ११५ पीएस, २६० न्यूटन मीटर. सीएनजीत दोन छोट्या टाक्या खाली बसवल्याने डिकी वापरता येते.
- किया सोनेट आणि ह्युंदाई व्हेन्यू: आतून एकमेकींच्या जवळच्या नातेवाईक. १.५ लिटर डिझेल ११६ पीएस, २५० न्यूटन मीटर. इंजिन शांत आणि फीचर्स भरपूर.
- स्कोडा कायलॅक: चाकणला बनते. फक्त पेट्रोल, १ लिटर टर्बो, ११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर. इकोस्पोर्टचं घट्ट स्टिअरिंग आणि वळणावरची पकड ज्यांना आवडायची, त्यांनी ही नक्की चालवून बघावी. माझ्या मते स्वभावाने सगळ्यात जवळची हीच.
- मारुती ब्रेझा: डिझेल नाही. पण छोट्या गावात सर्व्हिस सेंटर हाच तुमचा पहिला निकष असेल, तर हिला यादीतून काढू नका.

गाडीतलं सॉफ्टवेअर: इथे आपण हुशार व्हायचं

शोरूममध्ये मोठी स्क्रीन बघून घरातली तरुण मंडळी खूश होतात. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हे थोडं जास्त सांगतो.

एसीला बटणं आहेत का बघा. चालत्या गाडीत पंख्याचा वेग बदलायला स्क्रीनकडे बघावं लागणं धोक्याचं. अँड्रॉइड ऑटो स्वतःच्या फोनवर जोडून बघा, सेल्समनच्या नाही. वायरलेस जोडणी तुटते का, नकाशा अडकतो का, हे टेस्ट ड्राइव्हमध्येच कळतं. कनेक्टेड फीचर्स किती वर्षं फुकट आहेत ते विचारा. लांबून एसी चालू करणं, गाडी कुठे आहे ते बघणं, यासाठी गाडीत सिम असतं आणि मोफत मुदत संपली की वर्गणी भरावी लागू शकते. या फीचर्सवर विसंबून महागडं व्हेरिएंट घेऊ नका.

एडासचंही तसंच. कॅमेरा आणि रडार वापरून पुढची गाडी ओळखणं, गरज पडल्यास ब्रेक लावणं, हे हायवेवर खरंच उपयोगी आहे. पण आपल्याकडे रिक्षा कुठूनही घुसते, पट्टे पुसलेले असतात. त्यामुळे एडास म्हणजे मदतनीस समजा, ड्रायव्हर नाही.

आणि जुनी गाडी देण्याआधी तिचा डेटा पुसा. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन मास्टर रिसेट करा. फोनबुक, कॉलची यादी, नकाशातला घरचा पत्ता, सगळं तिथे राहतं. काही बीएस-६ इकोस्पोर्टमध्ये फोर्डपास ॲप होतं. त्यातून गाडी काढून टाका. फास्टॅग बँकेत कळवून बंद करा, नाहीतर नवा मालक तुमच्या पैशांनी टोल भरेल. आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचं स्वतः तपासा. नाव बदलेपर्यंत दंडाच्या पावत्या तुमच्याच मोबाइलवर येणार.

आम्ही काय ठरवलं

आमचा वापर महिन्याला साधारण २,००० किलोमीटर, बहुतेक हायवे. म्हणून डिझेल. मी वजन देऊन गुणांची शीट केली होती. त्यात ३एक्सओ आणि नेक्सॉन जवळजवळ बरोबरीत आल्या. मग आईला दोन्ही गाड्यांत पाच-पाच वेळा चढ-उतर करायला सांगितलं. तपासणीनंतर थकलेलं असताना गुडघा न वाकवता कुठे बसता येतं, दाराची चौकट डोक्याला लागते का, मागे पाय लांब करता येतात का. आईने ३एक्सओकडे बोट दाखवलं. बाबांना दुसरीचा रंग आवडला होता. ते एवढंच म्हणाले, “बसायचं तिला आहे.”

तुमच्या घरी उत्तर वेगळं येईल आणि यायलाच हवं. शोरूमला जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: महिन्याचे किलोमीटर, त्यातला हायवे किती, सर्व्हिस सेंटर किती लांब आणि गाडीत सगळ्यात अवघडून कोण बसतं. चौथ्या ओळीतल्या माणसाला टेस्ट ड्राइव्हला सोबत न्या.