समुद्राच्या तळाखाली कोळसा खणणारं शहर : चिलीच्या लोटाची गोष्ट

समुद्राकाठचं गाव म्हटलं की होड्या, जाळी आणि मासळी डोळ्यांसमोर येते. पण दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात लोटा नावाचं एक गाव आहे. तिथली माणसं कामाला जायची ती समुद्राच्या तळाखाली. आणि हे जवळपास दीडशे वर्षं चाललं.

लोटा हे कॉन्सेप्सिऑन या मोठ्या शहराच्या दक्षिणेला, साधारण ४० किलोमीटरवर आहे. १८४० पासून प्रशांत महासागराच्या या किनाऱ्यावर वाफेची जहाजं धावू लागली. जहाजांना कोळसा हवा होता, तांबं वितळवणाऱ्या भट्ट्यांनाही हवा होता. ही संधी हेरली मातियास कोउसिन्यो या उद्योजकाने. १८५२ मध्ये त्याने इथे कोळशाचा धंदा उभा केला.

आता प्रश्न पडेल, समुद्राखाली कशाला जायचं? कारण सोपं आहे. कोळशाचे थर किनाऱ्याकडून समुद्राच्या दिशेने उतरत गेले होते. कोळसा जिकडे गेला, तिकडे बोगदे गेले. बघता बघता ते समुद्राच्या तळाखाली काही किलोमीटर आत पोहोचले.

गाव कुणाचं? कंपनीचं!

खाण कंपनीची, घरंही कंपनीची. पगाराचा काही भाग टोकनमध्ये मिळायचा आणि ती टोकनं चालायची कंपनीच्याच दुकानात. म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने परत.

टेकडीवर मालकांची बाग आणि महाल, तर कामगारांसाठी चाळींसारख्या रांगा. तिथे भाकरी भाजायची भट्टीही सामायिक. मातियासची सून इसिदोरा गोयेनेचेआ यांनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर हा कारभार पाहिला. जगातल्या अतिश्रीमंत स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जायचं.

१८९७ मध्ये जवळच्या चिविलिंगो इथे चिलीतलं पहिलं जलविद्युत केंद्र सुरू झालं. ती वीज १० किलोमीटर लांबीच्या तारेवरून आली ती लोटाच्या खाणीसाठी आणि खाणीतल्या रेल्वेसाठी.

खाणीतलं जगणं बाहेरच्या लोकांना कळलं ते बाल्दोमेरो लिल्यो या लेखकामुळे. तो लोटाचाच. खाणीच्या दुकानात नोकरी करताना त्याने जे पाहिलं, ते १९०४ मध्ये ‘सुब तेर्रा’ या कथासंग्रहात आलं. त्यातल्या एका कथेत बाप आपल्या आठ वर्षांच्या मुलाला खाणीत कामाला नेतो. पोर घाबरून पळू नये म्हणून शेवटी बापच त्याला दोरीने बांधून ठेवतो.

संप, कवी आणि भूकंप

कोळशाच्या पट्ट्यात संप नवे नव्हते. १९४७ मध्ये मोठा संप झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष गोन्सालेस विदेला यांनी सैन्य पाठवलं. कामगारांची धरपकड झाली. याविरोधात कवी पाब्लो नेरुदा उभे राहिले. ते तेव्हा सिनेटर होते. जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी सिनेटमध्ये सरकारवर थेट आरोप केले. त्यांच्या अटकेचा आदेश निघाला, ते भूमिगत झाले आणि १९४९ मध्ये घोड्यावरून अँडीज पर्वत ओलांडून देशाबाहेर पडले.

१९६० मध्ये पुन्हा संप झाला आणि तब्बल तीन महिने चालला. तो मोडला ना पोलिसांनी, ना मालकांनी. २१ मे रोजी भूकंप झाला आणि संप तिथेच थांबला. दुसऱ्याच दिवशी चिलीत ९.५ तीव्रतेचा धक्का बसला. आजवर नोंद झालेला हा जगातला सर्वांत मोठा भूकंप.

पुढे साल्वादोर अयेंदे यांच्या सरकारने खाणी सरकारी मालकीच्या केल्या. पण तोवर जहाजं तेलावर चालू लागली होती. पुढे बाहेरून येणारा कोळसाही स्वस्त पडू लागला. अखेर १६ एप्रिल १९९७ रोजी लोटाची खाण बंद झाली.

मग कामगारांना नवं काम शिकवायच्या योजना आल्या. आयुष्यभर कोळसा फोडलेल्या हातांना केस कापायला शिकवण्याचे वर्गही निघाले. पण शिकून गिऱ्हाईक कुठून आणायचं? सगळ्या गावाचा पगार एकदमच थांबला होता. पुढची अनेक वर्षं चिलीतल्या सर्वाधिक बेरोजगारीच्या गावांत लोटाचं नाव येत राहिलं.

‘सैतानाचा बोगदा’ म्हणून ओळखली जाणारी एक जुनी खाण पुढे पर्यटकांसाठी उघडली. डोक्यावर दिवा लावून वाट दाखवायला पुढे कोण? तर जुने खाणकामगारच.

खाण कधी ना कधी संपतेच, हे सगळ्यांनाच माहीत असतं. लोटाचं दुखणं वेगळं होतं. घर, दुकान, पगार, सगळं एकाच खाणीवर टांगलेलं होतं. कोळशाने जहाजं चालवली, भट्ट्या पेटवल्या, महाल बांधले. खाण बंद झाल्यावर गावाकडे दुसरं काय असेल, याचा विचार मात्र खाण चालू असताना कुणी केला नाही.