कर्नल साइक्सचे मासे

मुळा-मुठेचं आज काय झालंय हे कळायला नाक पुरतं. याच पाण्यात दोनशे वर्षांपूर्वी काय पोहत होतं, हे पाहायचं तर मात्र लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीचे जुने अंक काढावे लागतात.

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनची आकडेवारी जमवायला नेमलं. शेतं, पाऊस, माणसं मोजता मोजता हा गृहस्थ पक्षी आणि मासेही टिपत गेला. १८३१ मध्ये तो मायदेशी परतला. माशांवरचा त्याचा निबंध १८३९ मध्ये संक्षेपाने छापून आला आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर.

त्यातली नावं वाचताना पुणे जिल्ह्याच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटतं. खुद्री, कोळस, शिंगटी, फुलंगी, नुक्ता. नुक्ता चाकणजवळ इंद्रायणीतला, मुसुल्ला शिरूरच्या घोड नदीतला, खुद्री पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला. ही नावं ज्यांच्या तोंडची, ते भोई शास्त्रीय नावात कुठेच नाहीत. नावापुढे लागतं ते 'साइक्स, १८३९'.

नव्या जातीचा मूळ नमुना संग्रहालयात जपायचा, हा आजचा शिरस्ता. साइक्सच्या बहुतेक माशांचे असे नमुने कुठेच सापडत नाहीत. उरलं ते वर्णन आणि चित्र. मासा ओळखायला परातले काटे, अंगावरच्या रेषेतले खवले, मिशा हे सगळं मोजावं लागतं. बरणीतल्या माशाचा रंग उडाला तरी ही मोजदाद पुन्हा करता येते. कागदावर जे नोंदवायचं राहिलं, ते राहिलंच.

याचा फटका मुसुल्लाला बसला, आणि त्याच्यापायी भलत्याच माशाला. कावेरीत पन्नास किलोंच्या पुढे जाणारा, केशरी परांचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर आहे. गळ टाकणारे त्याच्यासाठी जगभरातून यायचे. त्यालाच दीर्घकाळ साइक्सचा मुसुल्ला समजलं गेलं. खरा मुसुल्ला हा महसीर नाहीच, हे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवलं. कावेरीतल्या माशाला 'टॉर रेमादेवी' हे त्याचं योग्य नाव मिळालं २०१८ मध्ये, आणि त्यानंतरच तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर असल्याची आंतरराष्ट्रीय नोंद होऊ शकली. जातच निश्चित नसेल तर यादीत घालणार कुणाला?

त्याला काठावर ढकलणाऱ्यांत साइक्सचाच दुसरा मासा आहे. लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून निळ्या परांच्या खुद्रीची पैदास केली. हेतू चांगला होता, संवर्धनाचाच. पण तिथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे ती फोफावली आणि केशरी परांचा महसीर गळाला लागणं दुर्मीळ होत गेलं.