पोटरीतल्या तीस मिलिसेकंदांची नोंद

गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी पडली की पाय आपसूक पुढे उडतो. एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ साली, एकमेकांना न विचारता, या झटक्याचं वर्णन केलं. आजही डॉक्टर तो डोळ्यांनीच जोखतात: आला की नाही, जोरकस आला की मंद. पण हातोडी पडल्यापासून मांडीच्या स्नायूत विजेची लहर उठेपर्यंत जेमतेम २० मिलिसेकंद जातात. हा वेळ मोजायला संगणक लागतो, आणि काय, कधी, किती वेगाने टिपायचं हे त्याला आधी नीट सांगावं लागतं.

वर्धा जिल्ह्यात हे शिकण्याची सोय आहे. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने उभं राहिलं; सावंगी (मेघे) इथलं १९९० मध्ये. एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांची गाठ प्रतिक्षिप्त क्रियांशी पडते. बेडकाच्या स्नायूवरचे प्रयोगही २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात संगणकावरच बघायचे आहेत. त्यामुळे पडद्यावरची रेघ कशी तयार होते, हे समजणं आता शिक्षणाचा गाभाच झालं आहे.

नोंदीसाठी सगळ्यात बोलकी प्रतिक्रिया म्हणजे एच-रिफ्लेक्स. पॉल हॉफमन यांनी ती १९१० मध्ये दाखवली, म्हणून हे नाव. गुडघ्यामागच्या खळगीत टिबियल चेतेला विजेचा हलका झटका द्यायचा आणि पोटरीच्या सोलिअस स्नायूवर इलेक्ट्रोड लावून उत्तर टिपायचं. झटका १ मिलिसेकंद लांबीचा ठेवतात, कारण लांब झटक्याला स्नायूकडून मज्जारज्जूकडे संदेश नेणारे जाड तंतू आधी जागे होतात. संदेश कमरेपर्यंत वर जातो, तिथून वळून परत येतो आणि सुमारे ३० मिलिसेकंदांनी पोटरीत लहर उठते. झटका वाढवला की पाचेक मिलिसेकंदांवर आणखी एक लहर उगवते, ती एम. हा संदेश कमरेपर्यंत न जाता थेट स्नायूत उतरलेला असतो. झटका वाढवत नेला तर एम फुगते आणि एच मावळते: झटक्याच्या जागेवरून उलट वर चढलेले संदेश परतीच्या संदेशांना वाटेतच गाठून विझवतात. एक लहर वाढताना दुसरी विरत जाते, हे पडद्यावर एकदा बघितलं की पुस्तकातली चार पानं आपोआप समजतात.

आता सॉफ्टवेअर. सेकंदाला १,००० नमुने घेतले तर दोन नमुन्यांत १ मिलिसेकंदाचं अंतर पडतं. दोन्ही पायांच्या एच-लहरींमध्ये दीड मिलिसेकंदाहून जास्त फरक असेल तर कमरेतली एस-१ हे चेतामूळ दाबलं गेल्याचा संशय येतो. म्हणजे जो फरक शोधायचा, जवळजवळ तेवढीच मोजपट्टीची चूक! म्हणून वेग १०,००० नमुन्यांचा हवा. वरचा फिल्टर त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ५,००० हर्ट्झहून खाली ठेवायचा. नाहीतर वेगवान लहरी मंद लहरींचं रूप घेऊन नोंदीत शिरतात. ट्रिगर, म्हणजे नोंद सुरू करणारा इशारा, झटका देणाऱ्या यंत्राशी जोडायचा. हातोडीचा प्रयोग असेल तर आघाताबरोबर स्पर्श होणारा स्विच हातोडीलाच लावतात. ट्रिगरच्या आधीचे १० ते २० मिलिसेकंदही साठवावेत, कारण शांत रेघ दिसल्याशिवाय लहर कुठे सुरू झाली हे ठरवता येत नाही. एम-लहर १० मिलिव्होल्टच्या पुढे सहज जाते. मर्यादा २ मिलिव्होल्टवर ठेवली तर तिचा माथा सपाट छाटला जातो, आणि छाटलेला माथा कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

विदर्भात एक वेगळी पंचाईत असते, ती कूलरची. एप्रिल-मेमध्ये कूलरची मोटर आणि पाण्याचा पंप प्रयोगाच्या टेबलाजवळ घरघरत असला की रेघेवर दर २० मिलिसेकंदांनी एक लाट उठते, ती ५० हर्ट्झच्या विजेची. नवशिके लगेच नॉच फिल्टर, म्हणजे नेमकी तीच लाट गाळणारा फिल्टर, लावतात. माझ्या मते हा शेवटचा उपाय असावा, कारण तो टोकदार लहरीच्या मागे खोटी थरथर सोडतो. आधी कूलर बंद करा, त्वचा स्पिरिटने पुसून घासा, अर्थिंगचा इलेक्ट्रोड झटका आणि नोंद यांच्या मधोमध लावा. अनेक झटक्यांच्या नोंदींची सरासरी काढताना दोन झटक्यांत नेमके ५ सेकंद ठेवले तर ते विजेच्या ठोक्यात बरोबर बसतात आणि गुणगुण सरासरीतही टिकून राहते. ५.०१ सेकंद ठेवा: लाट दरवेळी अर्धी सरकते आणि बेरजेत बरीचशी पुसली जाते. मात्र घाईने अंतर तीन सेकंदांहून कमी करू नका, आधीच्या झटक्याने एच-लहर दबलेली असते.

कूलर बंद केला तरी तापमान सुटत नाही. पाय थंड पडले की चेतेचा वेग दर अंशाला सेकंदाला साधारण दोन मीटरने उतरतो. जानेवारीतल्या सकाळची नोंद आणि मेमधल्या दुपारची नोंद शेजारी ठेवायच्या तर पायाच्या त्वचेचं तापमान लिहिलेलं हवं, आणि ते ३२ अंशांच्या खाली नको. उंचीचंही तसंच. लांब पायाच्या माणसात संदेशाला जास्त वाट चालावी लागते, म्हणून उंच माणसाची लहर उशिरा येते आणि त्यात आजार नसतो. परदेशी पुस्तकातला आकडा हिंगणघाटच्या बुटक्या शेतमजुराला आणि पुलगावच्या उंच जवानाला सारखाच लावून चालणार नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आग्रहाची विनंती आहे: आपल्याच भागातल्या निरोगी माणसांच्या नोंदी गोळा करा. प्रत्येकीसोबत उंची, वय, त्वचेचं तापमान, नमुन्यांचा वेग आणि फिल्टर लिहा, आणि सेटिंगची फाइल नोंदीबरोबरच जपून ठेवा. आणि वाचकांनो, कंबर किंवा पाय धरला म्हणून ही तपासणी कधी करावी लागलीच, तर अहवाल टाकून देऊ नका. पुढच्या वेळी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत जा आणि जुना अहवाल सोबत न्या.