विहिरीतला विषारी वायू मोबाइलला कळेल का?

1 नोव्हेंबर 2018. कल्याण पूर्वेत नेतिवली भागात एक माणूस विहीर साफ करायला उतरला, तो वर आलाच नाही. त्याच्यामागे आणखी दोघे उतरले, मग अग्निशमन दलाचे दोन जवान. विषारी वायूने पाचही जणांचा जीव घेतला.

सडलेल्या सांडपाण्यात नेहमी तयार होणारा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास, हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. प्रमाण 100 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वाटतं वायू गेला. तो असतो तिथंच.

कॉलेजच्या प्रोजेक्टमधला एमक्यू सेन्सर तुम्ही पाहिला असेल. त्यात टिन ऑक्साइड असतं. ते तापवलं की हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो. असा वायू आला की तो या ऑक्सिजनशी भिडतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घटतो आणि सर्किटला कळतं. गोम आहे ती 'तापवलं' या शब्दात. त्यासाठी साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअस लागतात. एमक्यू-2 चा हीटर सुमारे 0.8 वॅट खातो. मी हिशेब केला: तुमच्या फोनची 5000 एमएएचची बॅटरी नुसत्या हीटरवर दिवसभरात संपेल!

इथे ग्राफीन कामी येतं. हा कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. त्यातून वीज सहज धावते, पण कोणता वायू आला हे त्याला एकट्याला नीट ओळखता येत नाही. म्हणून त्यावर ऑक्साइडचे नॅनोकण बसवतात. कण वायू पकडतात, पापुद्रा सिग्नल पोचवतो, आणि प्रयोगशाळेत हे खोलीच्या तापमानालाही जमतं. हायड्रोजन सल्फाइडसाठी कॉपर ऑक्साइड तर खासच, कारण या वायूमुळे त्याचं कॉपर सल्फाइड होतं, ज्यातून वीज जास्त सहज वाहते.

मग अडलंय कुठे? एक तर न तापवता चिकटलेला वायू लवकर सुटत नाही. दुसरं, दमटपणा. पाण्याचे रेणूही त्याच पृष्ठभागावर बसतात आणि रीडिंग बिघडतं. आपल्याकडचा जुलै आठवा.

माझ्या मते हा सेन्सर मोबाइलच्या आत नकोच. दोरीला बांधून विहिरीत सोडता येईल आणि ब्लूटूथने वर आकडा पाठवेल अशी डबी हवी. सध्या हे काम इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरवाले गॅस डिटेक्टर करतात. माणूस उतरण्याआधी ते खाली सोडायचे असतात. आणि 'फोनने विषारी वायू ओळखा' म्हणणारं ॲप दिसलं तर डाउनलोड करू नका. तुमच्या फोनमध्ये तो सेन्सरच नाही.