दाराचें गणित

नाट्यगृहांत आग लागली असतां आंतील माणसें बाहेर पडावयास किती वेळ लागेल, हा प्रश्न केवळ दैवाचा नाहीं. तो बऱ्याच अंशीं त्रैराशिकाचा आहे.

१९११ च्या मे महिन्यांत एडिंबरो येथील एम्पायर पॅलेस नाट्यगृहांत, प्रयोग चालू असतांना, रंगमंच पेटला. वाद्यवृंदानें राष्ट्रगीत सुरू केलें, आणि सुमारें ३००० प्रेक्षक अडीच मिनिटांत सुखरूप बाहेर पडले, असें सांगतात. पडद्यामागील कांहीं कलावंत मात्र बळी पडले. पुढें ब्रिटनमध्यें इमारतींच्या वाटा आंखतांना हीच अडीच मिनिटांची मर्यादा रूढ झाली.

आतां हिशेब पाहूं. एक मीटर रुंदीच्या दारांतून दर सेकंदास सुमारें १.३ माणसें जातात, असें या विषयाचे अभ्यासक धरतात. दिवाणखान्यांत ३०० माणसें आणि असें एकच दार असेल, तर २३० सेकंद, म्हणजे जवळजवळ चार मिनिटें लागतील. दोन दारें असल्यास दोन मिनिटांच्या आंत काम उरकेल. शिवाय वर्दी कळून माणूस जागचा उठेपर्यंतचा वेळ यांत मिळवावयाचा तो निराळाच.

परंतु माणसें म्हणजे नळाचें पाणी नव्हे. म्हणून हेल्बिंग, फार्कश व विचेक या शास्त्रज्ञांनीं २००० सालीं प्रत्येक माणूस स्वतंत्र मानून गणित मांडलें: त्याला दार गांठावयाचें आहे, शेजाऱ्याशीं अंतर राखावयाचें आहे, आणि गर्दीचा रेटाहि सोसावयाचा आहे. संगणकानें हें गणित सोडविलें, तेव्हां असें दिसलें कीं, वेग एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे दारापाशीं खांद्याला खांदा अडकून माणसांचीच कमान बनते आणि बाहेर पडणाऱ्यांचा ओघ मंदावतो. घाईनें वेळ वांचत नाहीं, वाढतो.

अर्थात् दारच अडविलेलें असेल तेथें शिस्त तरी काय करील? १३ जून १९९७ रोजीं दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत धुरानें ५९ जणांचे प्राण घेतले. तेथील बाल्कनींत जादा खुर्च्या मांडून उजव्या बाजूच्या दाराची वाट बंद केलेली होती.

आपल्या जिन्यांत ठेवलेलें कपाट या दृष्टीनें एकदां पाहावें. त्यानें जिन्याची अर्धी रुंदी व्यापली असेल, तर शेजाऱ्यांच्या सुटकेचा वेळ त्यानें दुप्पट केला आहे. तें आजच हलवावें, हें उत्तम.