रिपोर्ट २३ टक्के आलाय, आता काय?

या भागाचा विषय सबमिशनच्या दिवसांतला आहे: प्लेजरिझम, म्हणजे वाङ्मयचौर्य. ज्युनिअर मुलांचे मला मेसेज येतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "दादा, रिपोर्ट २३ टक्के आलाय, १० च्या खाली कसा आणू?"

आधी हे २३ टक्के म्हणजे काय ते बघू. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मशीनपासूनच सुरुवात करतो. तपासणारं सॉफ्टवेअर तुमच्या मजकुराचे सलग काही शब्दांचे छोटे तुकडे पाडतं आणि ते आपल्याकडच्या वेबसाइट, पेपर, जुने रिपोर्ट यांच्याशी जुळवून बघतं. जेवढं जुळलं तेवढा टक्का. बस्स! कोणी चोरलं हे त्याला कळत नाही. संदर्भयादी जुळते, सर्टिफिकेटच्या पानावरचा ठरलेला मजकूरही जुळतो. उलट एखादा इंग्रजी पेपर जसाच्या तसा मराठीत उतरवला तर टक्का अगदी कमी येऊ शकतो. पण नाव न देता केलं, तर ती चोरीच.

थोडक्यात, टक्का साम्याचा असतो, चोरीचा नाही.

मग १० चा आकडा आला कुठून? यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतून. थीसिस आणि डिझर्टेशनसाठी त्यात पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, जास्तीत जास्त ६ महिन्यांत. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर त्या कोर्सचं रजिस्ट्रेशनच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भयादी, अनुक्रमणिका हे सगळं या मोजणीतून वगळतात. बाकी असाइनमेंटला किती चालतं, ते आपल्या कॉलेजला विचारा.

आता खरी गोची. टक्का कमी करायला आपण शब्द बदलत बसतो. समजा, एका पेपरात असं वाक्य आहे:

"सिग्नलची वेळ ठरलेली असली की रिकाम्या रस्त्यालाही हिरवा दिवा मिळतो आणि गर्दीचा रस्ता ताटकळतो."

आपण लिहितो: "सिग्नलची वेळ निश्चित असेल तर मोकळ्या रस्त्यालाही हिरवा दिवा मिळतो व वर्दळीचा रस्ता थांबून राहतो."

सांगाडा तोच, नुसते कपडे बदलले. टक्का घसरेल, पण गाइडने व्हायवात "म्हणजे काय रे?" विचारलं की आपण गप्प. त्यापेक्षा हे बघा:

"ठराविक वेळेचा सिग्नल रस्त्यावर किती गाड्या आहेत हे बघतच नाही [३]. म्हणून आम्ही आधी कॅमेऱ्यातून गाड्या मोजतो आणि मग वेळ ठरवतो."

मुद्दा त्यांचा, तिथे संदर्भाचा आकडा दिला. पुढचं काम आपलं. कोणाचं काय, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

हे जमायला एक सवय पुरते. पेपर वाचा, टॅब बंद करा आणि मित्राला सांगितल्यासारखं आठवून लिहा. मग टॅब उघडून आकडे तपासा आणि संदर्भ तिथल्या तिथे टाका. "शेवटी टाकू" म्हटलं की शेवटच्या रात्री कुठली ओळ कुठून आणली तेच आठवत नाही. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणचिन्हात घ्या आणि तिथेही संदर्भ द्या.

कोडलाही हेच लागू. स्टॅक ओव्हरफ्लोवरचं उत्तर वापरताना श्रेय द्यावं लागतं, ती त्यांच्या लायसन्सचीच अट आहे. एमआयटी लायसन्सचा कोड फुकट वापरता येतो, पण कॉपीराइटची नोटीस काढायची नाही. कोड उचलला तर वर कमेंटमध्ये लिंक टाका. नोकरीतही ही सवय कामाला येते.

आणि एआय? चॅटबॉटकडून लिहून घेतलेलं आपलं म्हणून देणं, हाही अप्रामाणिकपणाच. त्यात तो कधीकधी अस्तित्वातच नसलेले पेपर संदर्भ म्हणून देतो. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. एआयची मदत कितपत चालते ते गाइडला आधीच विचारा.

तर २३ टक्केवाल्यांनो, घाबरू नका. रिपोर्टमधला रंगवलेला प्रत्येक भाग उघडा आणि एकच प्रश्न विचारा: हे कोणाचं आहे, ते मी सांगितलंय का? सांगितलं असेल तर पुढे चला. नसेल तर तेवढा भाग समजून घेऊन पुन्हा लिहा आणि संदर्भ द्या.

सबमिशनवाल्या मित्रांना हा भाग फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!